तिसरी पिन

आमच्या ह्यांना ॲडॅप्टरचं भारी वेड. गल्फमधल्या घराघरांत असतो तसा आमच्याकडेही एक डबा होता. मिक्सर भारतातला, राइस कुकर इथला, कुणाची पिन गोल, कुणाची चपटी, आणि भिंतीत तीन चौकोनी भोकं. दोन पिनांचा प्लग आत जात नसेल तर वरच्या भोकात बॉलपेनचं टोपण खुपसायचं, म्हणजे खालची दोन उघडतात. ही विद्या आम्हा सगळ्यांना येत होती, आणि वर तिची ऐट.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांच्या ऑफिसातल्या गोऱ्या साहेबाने उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावरची आपली कॅरव्हॅन एका शुक्रवारपुरती आम्हाला दिली. चाकांवरची पत्र्याची खोलीच ती. लाइट शेजारच्या वॉचमनच्या खोलीतून घ्यायची. साहेबाच्या केबलचा जाडजूड प्लग तिथे बसेना, मग डबा निघाला. एकाला एक जोडत ह्यांनी शेवटी दोन पिनांचं ॲडॅप्टर लावलं, वर टोपण कोंबलं, आणि एसी घरघरला.

"बघ, खलास," म्हणाले.

"अहो, साहेबाच्या प्लगला तीन पिना आहेत. तिसरी काय शोभेला दिलीय?"

"अगं, घरी नाही का चालत? तसंच."

थोड्या वेळाने मी वाळूत उभी राहून दाराचं हँडल धरलं आणि बोटांना मुंग्या आल्या. पायात रबरी चपला होत्या, तरी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सहलीला आलं की तुला काहीतरी होतंच." अस्सा राग आला. बाहेरच स्टोव्ह मांडून चहा टाकला, पण माझं सगळं लक्ष त्या दाराकडे. तेवढ्यात वॉचमनचं मांजर आलं, कॅरव्हॅनच्या लोखंडी पायरीला त्याने नाक लावलं आणि उडी मारून पळालं. हे हसले.

"ते आधी बंद करा," मी म्हटलं.

"यल्ला, चल, चहा पिऊन बघतो."

आमची सात वर्षांची मुलगी समुद्रातून आली, ओलीचिंब, अनवाणी. मी ओरडले, दाराला हात लावू नकोस. "आय जस्ट वॉन्ट माय टॉवेल, ममा," म्हणत तिने हँडल मुठीत धरलं. पुढे आवाजच नाही. मूठ सुटेना.

मी धावले तर ह्यांनी मला कमरेला धरून वाळूत ढकललं. "हात लावू नकोस तिला," म्हणाले आणि वॉचमनच्या खोलीकडे पळत सुटले. माझी पोर हातभर अंतरावर थरथरत होती, आणि तिला धरलं तर मीही चिकटणार होते. मी नुसती बघत बसले. तेवढं दुसऱ्या कुठल्या आईच्या वाट्याला येऊ नये.

प्लग निघाला तशी ती खाली कोसळली, आणि मग रडली. ते रडणं ऐकून मला रडू फुटलं. आतल्या पाणी तापवायच्या हीटरमधून करंट पत्र्यात उतरत होता, असं नंतर कळलं. त्याची जमिनीत जायची वाट म्हणजे ती तिसरी पिन.

परतताना गाडीत हे एकदाच बोलले. "बाळा, यापुढे हँडलला आधी हाताची मागची बाजू लावायची. मग मूठ बसत नाही."

आज तिचं स्वतःचं घर आहे, लाकडी दारांचं. अजूनही कुठलंही दार उघडण्याआधी ती हाताची मागची बाजू हँडलला लावते. हे तेव्हा दुसरीकडे बघतात.