मेंदूतले हमाल आणि चारुशीलाबाई

पडदा वर जातो. महाडच्या वाचनालयाचं सभागृह, २००६ सालची उन्हाळी व्याख्यानमाला. मंचावर फुलदाणी, तांब्या-भांडं आणि अध्यक्ष बाळासाहेब; तिन्ही सारखीच निश्चल.

चारुशीलाबाई शाळेत जीवशास्त्र शिकवत. इथे मात्र वर्षानुवर्षं त्यांचं काम ठरलेलं: मुंबईच्या वक्त्याला वीर स्टेशनावरून रिक्षाने आणायचं, कोमट पाणी द्यायचं आणि शेवटी आभार मानायचे. त्या दिवशी वक्ता आलाच नाही. बाळासाहेबांनी बाईंना फर्मावलं, काहीतरी बोला, वेळ भरून काढा. बाई मंचाच्या पायरीवर मला, गावातल्या जुन्या नाटकवेड्याला, म्हणाल्या, एकदा तरी वक्त्यांत माझं नाव लागेल. बदली नटांनी नाटकं तारलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

बाई मेंदूवर बोलल्या. गाजावाजा सगळा चेतापेशींचा. त्यांच्याभोवतीच्या आधारपेशींना पुस्तकं नुसता डिंक समजत. मग प्रयोगशाळेत चेतापेशी एकट्या वाढवून पाहिल्या. जगल्या, पण एकमेकींशी फारशा जुळेनात. आधारपेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या तो नुसता द्रव घातला, तर जोडण्या कितीतरी पटींनी वाढल्या. त्या पेशी काही प्रथिनं बाहेर सोडतात आणि जोडण्या घडायला त्यांचा हात लागतो, हे नुकतंच कळलं होतं.

"थोडक्यात, मेंदूतले हमाल," बाळासाहेब माइक ओढून घेत म्हणाले आणि हसले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यात जोडण्या किती, ते कळलंच. पुढच्या रांगेतले व्यापारीही हसले. अध्यक्ष हसले की हसायचं, एवढी एकच तालीम आमच्या गावात पक्की होते.

"हमाल नव्हेत," बाई म्हणाल्या. "त्या नसल्या तर चेतापेशी नुसत्या शेजारीशेजारी बसून राहतात. मंचावर बसतात तशा."

मागच्या बाकांवर बिरवाडीहून आलेले कारखान्यातले लोक होते, ते आधी हसले. मी टाळ्या वाजवल्या.

मग वाचनालयाच्या मंडळाने कळस गाठला. सूत्रसंचालक मुरारी गंभीरपणे म्हणाला की पाहुणे आले नसल्याने शाल-नारळ अध्यक्षांनाच. बाळासाहेबांनी लाजल्यासारखं करून मान वाकवली. लगेच पुढची घोषणा झाली: आभार मानतील चारुशीलाबाई. म्हणजे व्याख्यानही त्यांचं आणि त्याचे आभारही त्यांनीच मानायचे.

बाई माइकपाशी आल्या, पदर सारखा केला.

"आज आभार अध्यक्षांनी मानायचे, बाळासाहेब. पण आधी ती शाल काढा आणि इकडे द्या. व्याख्यान मी दिलंय."