हायफाँगला जाऊन आलेली द्वारका

वालीवच्या जपानी कारखान्यात एकशे चाळीस बाया कामाला होत्या. त्यांतल्या एकीलाच कंपनीने विमानात बसवलं, ती नंदाखाल गावची द्वारका चुरी.

काम होतं मोटारींच्या आतल्या वायरी जुळवायचं. खिळे मारलेल्या फळीवर रंगीत वायरी एकेक करून ओढायच्या, टोकांना क्लिपा बसवायच्या आणि सगळी जुडी टेपने गुंडाळायची. बावीस वर्षं द्वारका हेच करत होती. तिची जुडी तपासनीस बघायचाही नाही, तशीच पुढे सारायचा. शेजारच्या फळीवर सुझान डाबरे. तीही नंदाखालचीच. दोघी एका रिक्षाने यायच्या, एकीचं कालवण दुसरीच्या भातावर पडायचं. सुझानच्या मुलीच्या लग्नात द्वारका तीन दिवस घरी गेली नव्हती.

२०१८ साली जपानी साहेब आले आणि कारखान्यामागची मोकळी जागा मोजून गेले. तिथे दुसरा कारखाना उभा राहणार होता, सहाशे माणसं लागणार होती. सगळ्यात जुनी कामगार म्हणून नारळ द्वारकाच्या हातून फोडून घेतला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात टीव्हीवर सांगितलं, आशियातल्या देशांचा मोठा व्यापारगट होतोय, भारत काही त्यात जात नाही. द्वारकाच्या नवऱ्याच्या, शंकरच्या, दावणीला सात म्हशी. त्याने आळीत पेढे वाटले.

"बाहेरची दूध पावडर आली असती तर आपण बुडालो असतो," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. द्वारकानेही दोन पेढे खाल्ले.

कारखान्यामागच्या जागेत मात्र गवत वाढत राहिलं. साहेब पुन्हा आले नाहीत.

२०२३च्या मे महिन्यात मॅनेजर मर्विन लोपीसने तिला केबिनमध्ये बोलावलं. "द्वारकाताई, व्हिएतनामला यायचंय माझ्याबरोबर. हायफाँगला. महिनाभर. तिकडे नवी लाइन बसवतायत, मुलींना शिकवायचंय."

गावात तिचं कौतुक झालं. सुझानने स्वतःची चाकांची बॅग तिला दिली.

हायफाँगचा तो हॉल पाहून द्वारका दारातच थांबली. वालीवचे चार कारखाने त्यात मावले असते. तिने फळ्यांवरचे नंबर वाचले. सगळे तिच्या ओळखीचे होते. तिची स्वतःची फळी, सतरा नंबर, तिथे सहा वेळा होती.

संध्याकाळी जेवताना तिने मर्विनला विचारलं, "एवढं मोठं कशाला बांधलंय? हा तर आपलाच माल."

मर्विनने लपवलं नाही. "ताई, तांबं एका देशातून येतं, क्लिपा दुसऱ्यातून, गाडी जुळते तिसऱ्यात. हे सगळे एका गटात. एकमेकांच्या मालावर कर नाही, असला तर नावाला. आपण गटाबाहेर, आपल्याकडे दर नाक्यावर कर भरा. मग जपान्याने पैसा कुठे ओतावा, तुम्हीच सांगा."

"मग आमचं काय?"

"दिवाळीनंतर बंद. तुम्हाला मी ठेवणार. पुण्याच्या ऑफिसात शिकवायचं काम आहे. पण तोवर एक शब्द बाहेर गेला, तर मी तुम्हाला ओळखत नाही."

रात्री तिने घरी फोन लावला आणि शंकरला फक्त म्हशींचं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ती शिकवायला उभी राहिली, आणि तिने चांगलं शिकवलं. वाईट शिकवणं तिच्या हाताला जमत नव्हतं. होआ नावाची एक चुणचुणीत पोरगी तर पंधरा दिवसांत तिच्या वेगाला आली. निघताना सगळ्या पोरींनी तिच्याबरोबर हॉलमध्ये उभं राहून फोटो काढले.

परत आल्यावर बाया तिच्याभोवती जमल्या. "तिकडे वेगळा माल होतो," द्वारका चॉकलेटं वाटत म्हणाली. "आपला इथेच."

जुलैत एकदा रिक्षात सुझानने विचारलं, "द्वारके, शाळेत शिपायाची जागा आहे. फादरनी सोमवारपर्यंत सांगायला सांगितलंय. पगार कमी, पण कायमची आहे. तू सगळं बघून आलीस. कंपनी राहील ना?"

सुझानचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळला होता. घरात मिळवती ती एकटी. हे द्वारकाला ठाऊक होतं. पुण्याची नोकरीही ठाऊक होती.

"राहील की," ती म्हणाली. "चालता कारखाना कोण बंद करतं?"

सुझानने सोमवारी फादरना नाही म्हणून कळवलं.

दिवाळीची सुट्टी संपवून बाया आल्या तर फाटकावर कारखाना बंद झाल्याची नोटीस. द्वारका तडक मर्विनकडे गेली. तो खण रिकामे करत होता.

"ताई, पुण्याला पदवी मागतायत."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. आता मलाच हायफाँगला पाठवतायत, माझ्या हातात काय राहिलं?" मग सहज सुचल्यासारखं तो म्हणाला, "पंधरा दिवस पॅकिंगला थांबता का? फळ्यांचे नंबर तुमच्याइतके कुणाला माहीत नाहीत."

द्वारका थांबली. बाया फाटकाबाहेर बसल्या होत्या आणि ती आत फळ्या पेट्यांत भरत होती. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवर होआने टाकलेला फोटो सापडला. मधोमध द्वारका, मागे फळ्यांच्या रांगा, त्यांवर वालीवचे नंबर. खाली जूनची तारीख.

संध्याकाळी सुझान फाटकाशी उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी तुला विचारलं होतं, द्वारके."

"मलाही पोट आहे," द्वारका म्हणाली.

सुझान चालत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी येऊन बॅग मागून घेऊन गेली. घरी शंकर म्हणाला, "विमानात बसून आलीस ना? आता घरात बैस."

वर्षभर ती घरात बसली. मग गोखिवऱ्याला एका गाळ्यात काम मिळालं. मालक परदेशातून तयार जुड्या मागवायचा, द्वारकाने खोकी फोडायची, खराब माल बाजूला काढायचा. पगार पूर्वीच्या निम्मा. पण एकटीचं टेबल होतं आणि कुणी काही विचारत नव्हतं.

गेल्या मार्चात काम वाढलं. मालक दुसरी बाई शोधत होता, आणि एका संध्याकाळी दारात सुझान उभी राहिली. अर्धी झाली होती. सध्या मनवेलपाड्यात चार घरची धुणीभांडी करते, असं तिने मालकाला सांगितलं. द्वारकाला बघून ती थबकली, पण मागे वळली नाही. वळण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती.

मालकाने तिला बाहेर बसवलं आणि द्वारकाला विचारलं, "तुमच्याच कारखान्यातली म्हणते. हात कसा आहे?"

सुझानचा हात चांगला होता. द्वारकाच्या खालोखाल तिचाच. पण ती आली असती तर याच टेबलाशी समोरासमोर बसली असती, रोज, आठ तास.

"हात बरा होता," द्वारका म्हणाली. "आता नजर गेलीय तिची. लाल-केशरी ओळखत नाही."

मालकाने मान हलवली आणि बाहेर गेला. द्वारकाने पुढचं खोकं ओढून घेतलं. बाहेर काय बोलणं झालं ते पंख्याच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने मालक एकटाच आत आला.

सुटल्यावर ती नाक्यावर आली, तर सुझान अजून बसथांब्यावरच होती, डोक्यावर पदर घेऊन, नंदाखालच्या बसची वाट बघत. द्वारका एका दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. बस आली, सुझान चढली, बस गेली. पुढची पाऊण तासाने होती.