गप्प ब्रेक

चाकाच्या जाळीतून बोट आत घालायचं, आतल्या डिस्कवरून फिरवायचं आणि तांबूस झालेलं ते बोट माझ्यापुढे धरून म्हणायचं, "बघ, परत धरलाय गंज." धारवाडला मळमड्डीतल्या आमच्या गल्लीत पावसाळाभर अक्कांची आणि माझी भेट अशीच व्हायची. मी शाळेत शिकवून घरी येत असे आणि त्या साडीचा पदर खोचून गाडीच्या चाकाशी उकिडव्या बसलेल्या असत.

अक्का पोस्टातून निवृत्त झालेल्या. अंगानं बारीक, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. साडीवर कॅनव्हासचे बूट घालत, कारण चपलेत क्लच नीट दाबता येत नाही असं त्यांचं म्हणणं. गाडी चालवायला त्या उतारवयात शिकल्या, तेही हौसेनं नव्हे. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विस्मरणाचा आजार जडला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलाचं, मग घर कुठलं तेही. उरली ती नोकरी. संध्याकाळ झाली की ते अस्वस्थ होत, दाराची कडी ओढत आणि म्हणत, "ड्यूटीची वेळ झाली, मला जाऊ दे." घरात आवरायचे नाहीत. गाडीत बसवून फिरवलं की मात्र शांत होत. म्हणून अक्का रोज संध्याकाळी त्यांना सप्तापूरवरून केलगेरी तळ्यापर्यंत नेऊन आणत. आजारपण असो, पाहुणे असोत, ही फेरी चुकायची नाही.

पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला ब्रेक तुम्हीही ऐकला असेल. दात शिवशिवतात. आपण तोंड वाकडं करतो आणि विसरून जातो. गार्डसाहेबांना ते जमायचं नाही. करकर आवाज करत गाडी थांबली की त्यांच्या लेखी स्टेशन आलेलं असे आणि स्टेशनवर गार्डानं खाली उतरायचं असतं.

एकदा तळ्याच्या वळणावर तसंच झालं. पुढे म्हैस आडवी आली, अक्कांनी ब्रेक दाबला, तो किंचाळला, आणि गाडी पुरती थांबायच्या आत गार्डसाहेबांनी दार उघडून पाय खाली टाकला. रस्त्यावर गुडघ्यांवर पडले. पेरू विकणाऱ्या एका माणसानं धावत येऊन त्यांना उचललं. गुडघे फुटले होते, पण तक्रार निराळीच. "ड्रायव्हरनं गाडी फलाटाच्या अलीकडेच थांबवली," असं त्या पेरूवाल्याला ते गंभीरपणे सांगत होते. अक्का मला हे सांगताना हसल्या. हसता हसता त्यांनी बोटं पदराला पुसली, आणि मग बराच वेळ पुसतच राहिल्या.

तेव्हापासून त्या साहेबांना मागच्या सीटवर बसवू लागल्या आणि मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी करून घेतली. पण त्यानं फक्त पडणं थांबलं. ब्रेक ओरडला की ते काचेवर हात आपटत. "माझी गाडी सुटेल हो, कुणीतरी दार उघडा," म्हणत लहान मुलासारखे रडत. आणि अक्का स्टिअरिंग धरून, समोरच्या आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणत राहत, "बसा हो, अजून आलं नाही. बसा की."

एका रविवारी त्यांच्यासोबत मीही हुबळीला गॅरेजमध्ये गेले होते. मेस्त्रीनं चाकं काढली, सगळं तपासलं आणि म्हणाला, "अक्का, ब्रेक चांगले आहेत. पावसात डिस्कवर गंज धरतो. चार वेळा ब्रेक मारला की घासून जातो. आवाज येतो म्हणून काळजी करू नका."

"मला चांगले ब्रेक नकोत रे," अक्का म्हणाल्या. "गप्प ब्रेक पाहिजेत."

मेस्त्री हसला. तेवढ्यात शेजारच्या गाडीचा ब्रेक कर्कश वाजला आणि आमच्या गाडीत बसलेल्या साहेबांनी काचेवर हात आपटायला सुरुवात केली. मेस्त्रीचं हसू मावळलं. त्यानं डिस्क लेथवर घासून गुळगुळीत करून आणल्या, पॅडच्या कडा कानशीनं मोडल्या, पॅडच्या पाठीला ग्रीस लावलं. गाडीवर टाकायचं कव्हर काढून टाका म्हणाला, आत ओल कोंडते. आम्ही निघताना त्यानं साहेबांना काचेबाहेरून सलाम केला. साहेबांनीही रुबाबात केला.

काही आठवडे ब्रेक गप्प राहिला. मग धारवाडची रिपरिप लागली, दिवसचे दिवस न थांबणारी. गल्लीत गाडी आत घ्यायला कुणाकडेच जागा नाही. गंज पुन्हा आला.

यावर अक्कांनी स्वतःच तोड काढली. संध्याकाळी साहेबांना बसवण्याआधी त्या एकट्याच गाडी काढत आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्रेक मारत मारत जात. किर्र, किर्र, किर्र. परतताना आवाज विरत आलेला असे. तेवढा वेळ साहेबांपाशी मी. गल्लीतली संध्याकाळची शांतता त्यामुळे रोज मोडायची. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर एकदा बनियनवरच बाहेर आले.

"अक्का, हे काय चालवलंय? रोज कुणाचा तरी गळा दाबल्यासारखं!"

"झालंच, मास्तर. गंज घासला की गप्प बसेल."

"अहो, मग मेकॅनिकला दाखवा!"

"दाखवलाय की. तो म्हणतो, चालवत राहा." अक्का काच वर करता करता म्हणाल्या, "मी काय, चालवतेच आहे."

पुढे मास्तरांना खरं कारण कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी तक्रार सोडली. फेऱ्यांची वेळ झाली की स्वतःची रस्त्यातली स्कूटर तेवढी बाजूला ओढून घेत.

आता अक्का इथे नाहीत. दिवाळीनंतर मुलगा दोघांना बेंगळुरूला घेऊन गेला. साहेब तिथेच गेले. घरात कॉलेजची मुलं भाड्यानं राहतात. अक्कांचा कधी फोन येतो. दमल्यासारख्या बोलतात आणि लवकर ठेवतात. पण त्या इथे असतानाची श्रावणातली एक संध्याकाळ सांगायची राहिली.

त्या दिवशी अक्कांना सणकून ताप होता. साहेब दाराशी झटत होते. त्या माझ्याकडे आल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "तुला गाडी येते ना गं? आज माझ्यानं होत नाही."

आधी गंज घासायच्या फेऱ्या मारायचं त्राण त्यांच्यात नव्हतं आणि मला ते घाईत सुचलं नाही. मी चालवायला बसले आणि अक्का मागे साहेबांच्या शेजारी. साहेब पडले तेव्हापासून गाडीत त्या कधी त्यांच्या शेजारी बसल्याच नव्हत्या. बसणार कशा? रोज त्यांच्याकडे पाठ करून गाडी चालवत होत्या.

मी हळू, गिअर उतरवत, ब्रेकला पाय न लावता जात होते. सप्तापूरच्या उताराला एक रिक्षा अचानक पुढे घुसली. मी ब्रेक दाबला आणि तो असा किंचाळला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. गाडी थांबली. आता काचेवर हात आपटतील, आता रडतील, म्हणून मी आरशात पाहिलं.

अक्कांना झोप लागली होती. त्यांचं डोकं साहेबांच्या खांद्यावर कलंडलं होतं, तोंड अर्धवट उघडं. साहेब टक्क जागे होते. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या डोक्याकडे. एक हात त्यांनी अक्कांच्या कानावर ठेवला, दुसरा माझ्या दिशेनं वर केला आणि, गार्ड झेंडी दाखवतो तसा, दोनदा हलवला.

चल. थांबू नको.

मी पहिला गिअर टाकला. तळ्याला वळसा घातला, परत आले, गल्लीच्या तोंडाशी न वळता पुन्हा सरळ निघाले.