दसपट प्रतिपिंडे आणि सुकेळी

बायकोच्या रक्तात प्रतिपिंडे दसपट निघाली, म्हणून मी स्टाफरूममध्ये सुकेळी वाटली.

वसईच्या एका शाळेत मी तेव्हा नववी-दहावीला विज्ञान शिकवायचो आणि प्रतिपिंडांचा धडा म्हणजे माझा हातखंडा. शरीर म्हणजे किल्ला, जंतू म्हणजे शत्रू, प्रतिपिंडे म्हणजे बुरुजावरचे शिपाई, असं म्हणत मी फळ्यावर आमचा वसईचा किल्लाच काढायचो. त्या किल्ल्यात आत पोर्तुगीज आणि बाहेर मराठे, त्यामुळे शिपाई कोणाला म्हणायचं आणि जंतू कोणाला, हा घोळ दरवर्षी व्हायचा. अर्धा वर्ग नंदाखालकडच्या ख्रिस्ती घरांतला. मग मी घाईघाईने डस्टर फिरवून पुढच्या धड्याकडे वळायचो.

घर निर्मळला, वाडीत. केळी, थोडे नारळ आणि मोगरा. गजरे बायको करायची. तिचा हात असा चालायचा की शेजारणीशी बोलता बोलता मांडीवर हातभर गजरा तयार. त्या वर्षी पावसाळा सरता सरता तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. उन्हं अंगणात येईपर्यंत मूठ वळायची नाही, गाठ बसायची नाही, कळ्या टोपलीतच उमलून जायच्या.

"दवाने होतं," ती म्हणायची.

"वयाने होतं," मी म्हणायचो. वयाने ती माझ्याहून लहान, पण विनोद सुचला की मी असला हिशेब बघत नसे.

स्टेशनजवळ सांधेदुखीचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा मुंबईहून येऊन बसायचे. त्यांनी तिचं एकेक बोट दाबून पाहिलं, "हा रक्तातला संधिवात वाटतोय," म्हणाले आणि दोन तपासण्या लिहून दिल्या. एक आरए फॅक्टर, दुसरी तेव्हा आमच्याकडे नवीनच आलेली अँटी-सीसीपी. तोवर दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि बजावलं, "रिपोर्ट घेऊन पुढच्या आठवड्यात या."

रिपोर्ट मीच आणला आणि रस्त्यातच स्कूटर बाजूला लावून मीच वाचला. दोन्ही तपासण्या प्रतिपिंडांच्याच, आणि दोन्ही चिकार. माणसाच्या अंगात जेवढी चालतात त्याच्या दसपट. पेपर तपासताना एखाद्या ढ वाटणाऱ्या पोराला अचानक पैकीच्या पैकी द्यावे लागतात, तसं मला झालं.

"तुझ्या बुरुजावर नुसती गर्दी झालीय," मी घरी येऊन सांगितलं.

"म्हणजे चांगलं का?"

"अगं, तुला आता साधी सर्दी शिवायची नाही."

"मग बोटं का दुखतात?"

"दुखतील थोडे दिवस. एवढे शिपाई आत नाचतायत म्हटल्यावर."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नवरा विज्ञानाचा मास्तर, त्याच्यापुढे आणखी काय विचारणार? डॉक्टरांकडे परत जायचं कारण नाही, हे मी ठरवलं. तिला विचारलंसुद्धा नाही. जुन्याच गोळ्या चालू ठेवल्या. आमच्याकडे चांगली बातमी असली की वाटतात ती सुकेळी, घरच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवून केळीच्या सोपटात बांधलेली, मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेली.

"कशाबद्दल हो सर?"

"मिसेसच्या रक्ताबद्दल," मी म्हणालो आणि सगळ्यांना किल्ला समजावून सांगितला. सगळ्यांनी दोन-दोन सुकेळी खाल्ली. कोणालाच काही खटकलं नाही, हा आमच्या शाळेचा दर्जा.

खोकला त्यानंतर सुरू झाला. कोरडा, नुसताच ठसका. बंबात झावळ्या जळतात त्यांचा धूर, असं मी निदान केलं. पहाटे सगळ्यांच्या आधी ती खोकायची म्हणून मी त्या खोकल्याचं नाव 'कोंबडा' ठेवलं. "आमच्याकडे गजराचं घड्याळ लागत नाही," असं पाहुण्यांना सांगायचो. पहिल्यांदा ती हसली. पुढे हसायची थांबली. मग पाहुणे आले की ती मागच्या केळीत जाऊन खोकायला लागली. ते मला ओसरीवरून दिसायचं. मला वाटायचं, लाजते.

होळी झाल्यावर आम्ही निर्मळच्या देवळात गेलो. दरवर्षी माझ्या पुढे चढणारी बाई निम्म्या पायऱ्यांवर बसली.

"तुम्ही व्हा वर. माझाही नमस्कार घाला."

"शिपाई दमले वाटतं," मी म्हणालो.

मी वर गेलो, घंटा वाजवली, नारळ फोडला. खाली येऊन खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, तर तो चावतानाही तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. तेव्हा मात्र मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून, रिपोर्टचं पाकीट काखेत धरून फाटकाशी उभी.

"रिक्षा आणा. डॉक्टर बसतात आज."

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, वरची तारीख पाहिली, मग मला पाहिलं. "सर, हा इतके दिवस कुठे होता?"

मी त्यांना किल्ला सांगितला. बुरूज, शिपाई, सगळं. त्यांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं. त्यांनी तोडलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही शिकवता ते बाहेरून जंतू आला तर," ते म्हणाले. "यांचे शिपाई स्वतःच्याच सांध्यांवर उठलेत. आणि इतके जास्त असले की मी फुफ्फुसांकडेही बघतो. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण शंका घ्यावी लागते. खोकला आहे का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "यांना विचारा. यांनी नाव ठेवलंय त्याचं."

डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नळी काढून माझ्या कानात घातली. "मोठा श्वास घ्या, ताई." आत, श्वासाच्या शेवटी, शाळेतल्या पोरांच्या बुटांचा वेल्क्रोचा चिकटपट्टा हळूच ओढल्यासारखा बारीक चरचर आवाज आला. पुन्हा श्वास, पुन्हा चरचर. इतके महिने हे तिच्या पाठीत चाललं होतं आणि मी ओसरीवर पाहुणे हसवत होतो. नळी कानातून काढल्यावर नजर कुठे ठेवावी ते कळेना. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो.

बोरिवलीला जाऊन स्कॅन काढला. फुफ्फुसांच्या तळाशी जाळी धरायला लागली होती. डॉक्टरांनी औषधं बदलली, बंब बंद करायला सांगितला. "गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येईल," ते म्हणाले. "रिपोर्ट आला तेव्हाच आला असतात तर..." तिच्याकडे पाहून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. माझ्यापुरतं ते पूर्ण झालं होतं.

बाहेर आल्यावर स्कॅनचं पाकीट माझ्या हातात होतं. काय झालं कोण जाणे, सवयच वाईट. मी फिल्म बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि म्हणालो, "हे बघ, इथे खाली जरा पांढुरकं दिसतंय ना, त्याचा अर्थ..."

तिने फिल्म माझ्या हातातून काढून घेतली, सुजलेल्या बोटांनी सावकाश पाकिटात घातली आणि पाकीट काखेत धरलं.

"तुम्हाला रिक्षा आणता येते," ती म्हणाली, "तेवढीच आणत जा."