काउंटरची उजवी बाजू

घरात झाकण हरवलेले डबे कधी साठत जातात ते कुणालाच कळत नाही, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. आमच्या दुकानातले किस्से तसेच साठलेत. परवा माहेरी, देगलूरला, मैत्रिणींसोबत बसले होते. एक सांगायला गेले आणि त्याच्यामागून बाकीचे धडाधड पडले. सांगता सांगता लक्षात आलं, की प्रत्येक किश्शात कुणीतरी घाबरलेलं आहे. आणि बहुतेक वेळा ती मीच!

दुकान नांदेडला आहे, बावीस पायऱ्या चढून पहिल्या मजल्यावर. बाउलचं दुकान. म्हणजे एक लांब काउंटर. तुम्ही एका टोकाला उभं राहायचं, आधी भात सांगायचा, मग त्यावर मुख्य काय हवं ते, मग भाज्या, मग सॉस. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तुमचा वाडगा तुमच्या मनासारखा तयार! काउंटरच्या मधोमध एक काच आहे. काचेच्या डावीकडे पनीर, टोफू, मका, काकडी, मोड आलेले मूग. उजवीकडे चिकन, झिंगे आणि हैदराबादहून बर्फाच्या खोक्यात येणारा साल्मन मासा. साल्मन कच्चा असतो. हो, लोक कच्चाच खातात.

उजवी बाजू माझी भागीदार प्रज्ञा बघते. ती नांदेडचीच, पण गोव्यात पाच वर्षं मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये राबून आलेली. डावी बाजू माझी. आम्ही लिंगायत, माझं सासर लातूरचं, आडतीचं दुकान. मी जन्मात अंडंसुद्धा चाखलेलं नाही. मासा चांगला की खराब, हे मला कळत नाही. मला सगळ्याच माशांचा वास सारखा येतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, मी सांगितलं होतं, "भाताचं आणि भाज्यांचं दुकान आहे." खोटं नव्हतं, अर्धं होतं. अप्पांच्या धाकट्या भावाच्या घरात अंडी यायला लागली, तेव्हापासून अप्पा त्या घरी जातात, बसतात, गप्पा मारतात, पण पाण्याचा घोट घेत नाहीत. अकरा वर्षं झाली. आणि माझे वडील गेल्यापासून मला अप्पाच वडील आहेत. महिन्यातून एकदा लातूरहून येतात, माझ्या हातची भाकरी खातात, निघताना डोक्यावर हात ठेवतात. ते जेवायचे थांबले तर? रोज सकाळी दुकानाचं कुलूप उघडताना हीच भीती असायची. बावीस पायऱ्या आणि अप्पांचे गुडघे, एवढाच काय तो आधार होता.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक रेल्वेतले काका आले, मुदखेडचे. ड्युटी संपवून आले होते, भूक लागलेली. मी नवीनच शिकलेलं सगळं धडाधड विचारायला सुरुवात केली. "काका, भात पांढरा की ब्राउन? गरम की गार? पनीर भाजलेलं की साधं? कांदा? काकडी? मिरची? तीळ वरून की खालून?"

काका प्रत्येक प्रश्नाला एक पाऊल मागे सरकत होते. कपाळाला घाम. नजर दरवाजाकडे. मला वाटलं, हे आता पळणार, आणि पळाले तर रांगेतले मागचे चारही पळणार. मी आणखी घाबरले आणि आणखी भरभर विचारायला लागले. "सॉस गोड, तिखट की आंबट? एक की दोन?"

काकांनी रुमालानं तोंड पुसलं.

"बाई, माझ्या लग्नात बी मला इतकं कुणी इचारलं न्हाई!" ते म्हणाले. "काय द्यायचं ते द्या, पण आता गप बसा!"

*

एक मुलगी यायची, इस्लापूरकडची. इथं नर्सिंगला होती. नेहमी झिंग्याचा बाउल. एकदा तिचे वडील भेटायला आले, तर त्यांना घेऊन आली. सहस्रकुंड धबधब्याच्या अंगानं नदीत मासे धरून लहानाचा मोठा झालेला माणूस. आमच्याकडचा कच्चा साल्मन बघून ते काचेशी बराच वेळ उभे राहिले.

"हे शिजवता कवा?" त्यांनी विचारलं.

"शिजवत नाही काका," प्रज्ञा म्हणाली. "असाच खायचा."

त्यांनी लेकीचा हात धरला आणि तिला दोन पावलं मागं ओढलं. खरंच घाबरले होते. मीही घाबरलेच होते म्हणा, कारण साल्मन विकला गेला, की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी फोनकडे बघत बसायची. कुणाचं पोट दुखलं का, कुणाला उलट्या झाल्या का! प्रज्ञा हसायची. "अगं, मी बघून घेते ना," म्हणायची. ती बघून घ्यायची म्हणूनच मी जगत होते.

त्या काकांनी शेवटी सावकाश मान हलवली.

"मासं आमी बी खातो, ताई. धरतो, साफ करतो, शिजवतो. तुमी अर्धं काम करून गिऱ्हाइकापुढं ठिऊन राहिलात की!"

*

लातूरहून माझ्या जाऊबाईंचा, मंगलताईंचा, व्हिडिओ कॉल आला. "दुकान दाखव की गं, कधी बघितलं नाही." मी फोन फिरवला. पनीर दाखवलं, मका दाखवला, मूग दाखवले. तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, मी वळले, आणि फोन माझ्यासोबत वळला. काचेच्या पलीकडे!

"ते गुलाबी गुलाबी काय आहे गं?"

"गाजर," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

मंगलताई चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणून हळूच म्हणाल्या, "गिरिजा, तुमच्या नांदेडात गाजराला शेपूट असतं का गं?"

मी फोन बंद केला. महिनाभर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. पण लातूरहून फोन वाजला की माझ्या हातातला डाव खाली पडायचा.

*

हा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण सांगते.

उदगीरचे एक व्यापारी आले होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अगदी आमच्यातले. पनीरचा बाउल घेऊन खिडकीशी बसले. आमच्याकडे डावीकडे हिरव्या दांड्याचे चमचे आणि उजवीकडे लाल दांड्याचे. ते अर्धा बाउल खाऊन झाले असतील, तेव्हा मला मक्याच्या ट्रेमध्ये लाल दांड्याचा चमचा दिसला.

कुणाच्या हातून गेला, कधी गेला, त्यांच्या आधी की नंतर, काहीच माहीत नाही. प्रज्ञा आत होती. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पण मला ते जमेना. मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि हात जोडून जसं होतं तसं सांगितलं.

त्यांनी वाडगा बाजूला सरकवला. चूळ भरून आले. मला वाटलं, आता आवाज चढणार, दुकान गोळा होणार.

"उद्या बी येतो," ते म्हणाले. "तुमी माझ्यासमोर चमचा धुवून घ्या. सांगणारं माणूस कुठं भेटतंय?"

आणि खरंच दुसऱ्या दिवशी आले! पण त्या रात्री मला झोप लागली नाही. अनोळखी माणसाला मी खरं सांगितलं होतं, आणि ज्यांच्या पायाशी बसून जेवले त्या अप्पांना सांगायची छाती होत नव्हती. माझी मलाच लाज वाटली.

*

मग आला मामांचा रविवार. शिवराजचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, एका लग्नासाठी नांदेडला आले आणि न सांगता थेट दुकानात. पायऱ्यांवर त्यांचा आवाज ऐकून मी शिवराजकडे बघितलं. तो उठला आणि हात पसरून उजव्या बाजूपुढं, काउंटरला पाठ लावून उभा राहिला.

मामा पाऊण तास बसले. शिवराज पाऊण तास उभा. मागून प्रज्ञा त्याच्या काखेखालून हात घालून झिंगे काढत होती!

"हा असा काहून उभा हाय?" मामांनी विचारलं.

"त्यांची पाठ धरलीय मामा," मी म्हणाले. "बसताच येत नाही."

मामा हळहळले आणि गेले. आम्ही तिघं खुर्च्यांवर कोसळलो. सुटलो म्हणून हसलोसुद्धा! तिसऱ्या दिवशी लातूरहून अप्पांचा फोन आला. मग रोज यायला लागला. "शिवराज, पाठ कशी हाय? डॉक्टरला दाखवलास का? खोटं नको बोलू." शिवराज म्हणायचा, "बरी आहे अप्पा." आणि तो जितकं बरी आहे म्हणायचा, तितका अप्पांचा जीव वरखाली व्हायचा.

*

त्याच्या पुढच्या आठवड्यातला बुधवार.

प्रज्ञा चुलतबहिणीच्या साखरपुड्याला मुदखेडला गेलेली, दुपारी एकपर्यंत येणार होती. शिवराज बँकेत. मी एकटी. कॉलेजच्या बारा मुलींचं बुकिंग, साडेबाराला, एकीचा वाढदिवस. त्यातल्या आठजणींना साल्मन हवा होता.

हैदराबादचं खोकं सकाळी लवकर यायचं, ते आलं अकराला. गाडी वाटेत बंद पडली होती म्हणे. उघडलं तर बर्फाचं निम्मं पाणी झालेलं. मी प्रज्ञाला फोन लावला. ती म्हणाली, "हात लावून बघ, वास घेऊन बघ," आणि रेंज गेली. मी वास घेतला. मासा होता, माशाचा वास येत होता. मला काय कळणार? चांगला असेल, रोज चांगलाच असतो, असं म्हणत मी कापलेले तुकडे ट्रेमध्ये मांडले.

सव्वाबाराला पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, पुढची पायरी. मी बाहेर जाऊन बघितलं. अप्पा! एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाची बाटली.

"घरी कुलूप दिसलं," ते धापा टाकत म्हणाले. "शिवराजची पाठ बघायला आलो. म्हटलं, तुझं दुकान बी बघून घ्यावं."

मी त्यांना खिडकीशी बसवायला गेले, पण ते बसले नाहीत. काउंटरच्या टोकाला जाऊन गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. "दे," म्हणाले, "कसं देतीस ते दे." मी वाडग्यात भात घेतला. पनीर घातलं. मका घातला. अप्पा हळूहळू पुढं सरकत होते, आणि मी वाडगा धरून त्यांच्यासोबत. काकडी. मूग. मग काच आली. अप्पा थांबले नाहीत. काच ओलांडून पलीकडे गेले.

झिंगे बघितले. चिकन बघितलं. साल्मनच्या ट्रेपुढं काठी टेकून उभे राहिले. संपलं, मला वाटलं. अकरा वर्षांपूर्वी अप्पांच्या भावाच्या घरी जे झालं, ते आज माझ्या घरी होणार.

अप्पा वाकले. नाक ट्रेजवळ नेलं. सरळ झाले.

"गिरिजा, हे कवाचं हाय?"

"आजचं, अप्पा," मी म्हणाले. "सकाळीच आलंय."

"आलं आसंल सकाळी. मासं ताजं आसलं तर पाण्याचा वास येतो. ह्याला आंबूस येऊन राहिलाय. बोट लाव."

मी बोट लावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"दाब. खड्डा पडला का?"

"पडला."

"भरून आला का?"

मी बघत राहिले. खड्डा तसाच होता.

"काढ ते," अप्पा म्हणाले. "कुणाच्या बी लेकराला देऊ नको."

खालून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी ट्रे उचलून आत नेला. मुली वर आल्या तेव्हा साल्मनच्या जागी रिकामी जागा होती. "आज नाही गं, संपला," मी म्हणाले. त्या कुरकुरल्या, मग चिकनवर राजी झाल्या.

एकला प्रज्ञा आली. आत जाऊन ट्रेवर वाकली, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "कुणाला दिलंस?" ती ओरडली.

"कुणालाच नाही."

ती तिथंच स्टुलावर बसली. "तुला कसं कळलं? मला हे कळायला गोव्यात वर्ष लागलं होतं!"

मी खिडकीकडे बोट केलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मांडीवर पंचा, अप्पा पनीरचा बाउल निवांत खात होते.

मी पाण्याचा पेला घेऊन गेले. त्यांनी घेतला, सगळा प्यायले, आणि रिकामा पेला माझ्या हातात देताना हळू आवाजात म्हणाले, "गिरिजा, तुझ्या सासूला सांगू नको."

मला रडू आलं. "नाही सांगणार, अप्पा. चुकलं माझं. इथं मासे ठेवतो हे मी तुम्हाला आधीच…"

"ते न्हाई गं," अप्पा म्हणाले. "दुकानात मासं हाय ते तिला कवाच ठाऊक हाय. मी वास वळखला, ते सांगू नको."