एका खेपेतलं लोखंड

लिंडसे ट्रेम्बाथची बायको नोरीन हिने आयुष्यात एकदाही ड्रम वाजवला नाही. पण ड्रम वाहण्यात अख्ख्या वॉलरू गावात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. लोक ज्याला ड्रमसेट म्हणतात त्यात ड्रम थोडे आणि लोखंड फार. झांजांचे उंच स्टँड, पायाचं पेडल, स्टूल, आडव्या दांड्या, नट. हे सगळं एका लांबलचक कॅनव्हासच्या पिशवीत जायचं. लिंडसे त्या पिशवीला ‘प्रेत’ म्हणायचा, कारण ती उचलायला दोघं लागत. एक बंद त्याच्या हातात, दुसरा नोरीनच्या.

नोरीन गेल्यावर त्याने ते नाव घेणं सोडलं. वजन मात्र होतं तेवढंच राहिलं.

बँडमध्ये ज्याचं त्याने वाहायचं असतं. गिटारवाला गिटार घेऊन येतो, गायक घसा घेऊन. गार्थ पॅस्को गिटारही वाजवायचा आणि गायचाही, म्हणजे त्याला सगळं मिळून एकच हात लागायचा. दुसऱ्या हातात ग्लास धरून तो लिंडसेच्या खेपा बघायचा. रविवारी दुपारी बोलिंग क्लबात कार्यक्रम. लिंडसे पिशवी फरफटत आणणार, धापा टाकत जोडणार, तोवर लोकांच्या खिमा-बटाटा भरलेल्या पेस्ट्या खाऊन व्हायच्या.

“लिंझ, तुझं लागेपर्यंत अर्धे लोक घरी जातात रे,” गार्थ म्हणाला. “माझ्या मेव्हण्याकडे एक यंत्र आहे. बटण दाबलं की ठेका सुरू.”

“ते बिअर पितं का?”

“नाही.”

“मग क्लबवाले त्याला दारात उभं करणार नाहीत.”

हसले दोघंही. पण निघताना गार्थने खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या रविवारी दोनला सुरू करू. तुझं लागलेलं असलं तर उत्तमच. नसलं तर यंत्र. मनाला लावून घेऊ नकोस, दोस्ता.”

म्हणजे मनाला लावून घेण्यासारखीच गोष्ट होती. सोमवार ते शनिवार लिंडसेशी बोलणारं माणूस म्हणजे दुकानातली बाई, आणि तीही फक्त पिशवी हवी का एवढंच विचारायची. रविवार गेला असता तर आठवड्यात काहीच उरलं नसतं.

तो शेडमध्ये शिरला. सगळं एका खेपेत आलं पाहिजे, असं त्याने ठरवलं. दुहेरी पायांचे जाडजूड स्टँड बाद. त्यांच्या जागी तरुणपणीचे, सपाट पायांचे, काटकुळे स्टँड माळ्यावरून काढले. आडव्या दांड्या करवतीने कापल्या. एक झांज सरळ पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरच दांडी ठोकून बसवली. एक ड्रम काढूनच टाकला. हातात येईल त्या प्रत्येक तुकड्याला तो एकच प्रश्न विचारत होता: तुझ्यावाचून चालेल का? बहुतेकांवाचून चालत होतं. हा प्रश्न शेडबाहेर मात्र त्याने कशालाच विचारला नाही.

शेवटी गालिचा उरला. ड्रमखाली अंथरायचा, लाल वाइनच्या रंगाचा, जड. कुठल्या स्टँडचा पाय कुठे ठेवायचा याच्या खुणा नोरीनने त्यावर चिकटपट्टीने केल्या होत्या आणि पट्ट्यांवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: झांज, स्टूल, लिंझ. गालिचा काही धरत नाही, काही वाजवत नाही, असा विचार करून त्याने तो शेडमध्येच ठेवला.

रविवारी सगळं हातगाडीवर, एका खेपेत आलं. गार्थ पोचला तेव्हा लिंडसे वाजवायला बसलेला होता.

“बाकीचं गाडीत राहिलं का?”

“बाकीचं हेच.”

दोनला सुरू झालं. क्लबवाल्यांनी लाकडी जमीन नुकतीच पॉलिश केली होती. लिंडसेने पेडल मारलं, की मोठा ड्रम बोटभर पुढे सरके. त्याच्यामागे स्टूल सरकवत तोही पुढे. दुसरं गाणं संपेस्तोवर तो गार्थच्या कोपराशी पोचला.

“गायला येतोयस का?” गार्थने माइकमधूनच विचारलं. लोक खदखदून हसले. मग माइकवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “यंत्र गाडीत आहे, लिंझ.”

लिंडसेला आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी गालिचा नव्हता, तेव्हा नोरीन ड्रमसमोर उलट्या खोक्यावर बसून दोन्ही पाय ड्रमला लावून धरायची आणि अख्खा कार्यक्रमभर विणकाम करायची. लोकांना वाटे, काय हिचं संगीतावर प्रेम! एके दिवशी कंटाळून तिने घरातल्या बोळाचा गालिचा कापून आणला.

“एक मिनिट दे,” तो गार्थला म्हणाला. त्याने सगळं मागे ओढलं, कमरेचा पट्टा काढला आणि स्टुलाच्या पायापासून ड्रमच्या पायापर्यंत ताणून बांधला. आता ड्रमला पळायचं तर लिंडसे ज्या स्टुलावर बसला होता त्यासकट पळावं लागणार होतं. ड्रम थांबला. स्वतःला स्वतःच्याच वजनाने धरून ठेवत त्याने शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवलं. लोक नाचले. टाळ्यांना मान देताना एक हात पँटला होता, एवढंच.

“पुढच्या रविवारी ये,” गार्थ म्हणाला. “आणि बाबा, दोन पट्टे आण.”

आवरायला वेळच लागला नाही. पूर्वी हॉल रिकामा होई, दिवे जात, तरी तो आणि नोरीन नट मोजत, उरलेली पेस्टी वाटून खात, कोण किती वाईट नाचलं यावर बोलत बसत. आज एकाच खेपेत सगळं गाडीत गेलं. मंडळींचा पहिला ग्लासही संपला नव्हता. समुद्रातल्या जेटीवर ऊन अजून चांगलं वर होतं. घरी जाण्याइतका उशीर व्हावा म्हणून तो बराच वेळ गाडीत बसून राहिला.

पुढच्या रविवारीही ड्रम वेळेआधी लागले. लिंडसे पुन्हा दाराकडे निघाला.

“कुठे?” गार्थने विचारलं. “सगळं आलंय की.”

“एक खेप आहे.”

त्याने खांद्यावर गालिचा आणला, ड्रम पुन्हा उचलून तो खाली अंथरला, ड्रम त्यावर लावले. निम्म्या खुणांवर ठेवायला आता काहीच नव्हतं. त्या तशाच मोकळ्या ठेवून तो जिथे ‘लिंझ’ लिहिलं होतं तिथे बसला.