अदलाबदल करून लिहिलेलं पुस्तक

जळगावात केळीच्या आडतीच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत ती प्रकाशन संस्था होती. ग्रंथपालांसाठी आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी ती पुस्तकं काढायची. मालक पूर्वी शाळेत शिक्षक होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते.

नव्वदीच्या सुरुवातीला भाऊंनी ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरच्या वापरावर पुस्तक काढायचं ठरवलं. ग्रंथालयाचा भाग माझ्याकडे आणि कॉम्प्युटरचा भाग जळगावातच क्लास चालवणाऱ्या एका तरुण सरांकडे. आम्ही दोघांनीही मन लावून लिहून दिलं. भाऊंनी वाचलं आणि आम्हाला बोलावून घेतलं.

"ताई, तुमचं मला समजलं नाही. आणि सर, तुमचंही नाही."

"मग पुन्हा लिहू का?" मी विचारलं.

"लिहा. पण आता अदलाबदल. कॉम्प्युटरचं ताई लिहितील, ग्रंथालयाचं सर. जे नव्याने शिकाल तेच लिहायचं."

मला रागच आला. एसटीत बसले ती एरंडोल मागे पडेपर्यंत मनातल्या मनात भाऊंशी भांडत होते.

तरी रविवारी क्लासला गेले. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तशी त्या थंडगार खोलीत शिरले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकत होती. माझं बोट कीबोर्डवर अधांतरीच राहिलं.

"दाबा हो ताई," सर म्हणाले. "बटण दाबून काही मोडत नाही."

माझ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तेच झालं.

पुढे सर धुळ्याला आले. मी त्यांच्यापुढे पुस्तकांचा ढीग ठेवला आणि म्हटलं, "विषयवार लावा." केळीवरच्या रोगांचं पुस्तक त्यांनी वैद्यकाच्या कपाटात ठेवलं.

"अहो, हे इथे कसं?"

"रोगच आहेत ना?"

मी इतकी हसले की वाचत बसलेली मुलं माना वर करून बघायला लागली. सरही हसले, आणि तो घोटाळा त्यांनी आपल्या प्रकरणात जसाच्या तसा घातला.

पुस्तक निघालं. धुळ्यात ग्रंथपालांचा मेळावा होता, तिथे आम्ही टेबल मांडलं. नरडाण्याकडच्या एका गावात वाचनालय सांभाळणारे आबा उभ्याउभ्याच वाचू लागले. बराच वेळ वाचत राहिले. मग पुस्तक मिटून म्हणाले, "माले बठ्ठं समजनं." म्हणजे, मला सगळं समजलं.

भाऊ एरवी छापल्यासारखं बोलायचे. त्या दिवशी त्यांनी आबांचा हात धरला आणि त्याच घरच्या बोलीत गप्पा सुरू केल्या, त्या टेबल आवरायची वेळ झाली तरी संपेनात. शेवटी पुस्तकांचे गठ्ठे सरांनी आणि मीच बांधले. वाकून वाकून पाठ भरून आली होती, पण घाई कुणालाच नव्हती. पुढचं पुस्तक कशावर लिहायचं, यावर आमचा वादही सुरू झाला होता.